नऊ पिशव्या, एकच भात

दांडेलीहून जोयड्याला जाताना गणेशगुडीपाशी सुप्याच्या धरणाची भिंत दिसते. १०१ मीटर उंचीची ही भिंत १९८७ साली पुरी झाली आणि काळी नदीचे पाणी मागे चढत जाऊन जुने सुपा गाव त्याखाली गेले. तालुक्याचे नावही सुपा होते. ते गेले, आणि कचेऱ्या जोयड्याला आल्या. त्या गावातील कित्येक घरे उठून रामनगरास वसली. आमचे एक स्नेही अशाच उठलेल्या घरातील. त्यांना येथे आम्ही केवळ मास्तर म्हणू, कारण आयुष्यभर त्यांनी शिक्षकी केली आणि सारा परिसर त्यांना याच नावाने ओळखतो.

मास्तरांच्या वडिलांस जमिनीची भरपाई मिळाली तेव्हा हाती एवढी रक्कम त्या घराने कधी पाहिली नव्हती. शेत गेले, नोकरी नाही, पैसा मात्र आहे. ती सर्व रक्कम त्यांनी ओळखीच्या एका पतपेढीत ठेवली. पतपेढीचे नाव सांगण्याचे आज प्रयोजन नाही. चार वर्षे व्याज वेळेवर आले, पाचव्या वर्षी दाराला कुलूप दिसले. सर्व काही एकाच ठिकाणी ठेवू नये, हा धडा मास्तर तेथे शिकले आणि तो त्यांनी मनात इतका घट्ट धरला, की त्याच धड्यापायी यंदा ते आमच्याकडे सल्ल्यास आले. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून वीस लाख त्यांनी बाजूला काढले होते. त्यांतील दहा लाख बँकेत व पोस्टात ठेवले आणि उरलेल्या दहांचे, पुण्यातील मुलाच्या सांगण्यावरून, ईटीएफ घेतले. नऊ निरनिराळे. "आता एक बुडाला तरी आठ राहतील," असे म्हणून त्यांनी यादी आमच्यासमोर ठेवली.

ईटीएफ म्हणजे एक्स्चेंज ट्रेडेड फंड हे नाव आता आपल्या घरांतील तरुणांच्या तोंडी असते. वडीलधाऱ्यांसाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. हा म्युच्युअल फंडाचाच एक प्रकार. यातील बहुतेक फंडांत कोणते शेअर चांगले याची निवड कोणी हुशार मनुष्य करीत नाही. निफ्टी किंवा सेन्सेक्ससारख्या एखाद्या निर्देशांकात जे शेअर ज्या प्रमाणात असतील, ते त्याच प्रमाणात घेऊन ठेवायचे, एवढेच काम. त्यामुळे खर्च फार थोडा. या फंडाची युनिटे मात्र शेअरप्रमाणे बाजारात दिवसभर विकली-घेतली जातात. त्यासाठी डीमॅट खाते लागते. आपल्या देशात याचा आरंभ बेंचमार्क नावाच्या कंपनीने डिसेंबर २००१ मध्ये निफ्टी बीज या फंडाने केला. नावातील 'बीज' हा इंग्रजी आद्याक्षरांचा योगायोग आहे, पण मराठी कानास तो गोड लागतो. कंपनी पुढे दोन-तीनदा हातोहात गेली, फंड मात्र चालू राहिला, कारण फंडाची मालमत्ता कंपनीच्या मालकीची नसते.

याच २००१ सालच्या जुलैमध्ये युनिट ट्रस्टच्या यूएस-६४ योजनेची खरेदी-विक्री एकाएकी थांबली होती, हे आमच्या पिढीच्या वाचकांस आठवत असेल. १९६४ पासून मध्यमवर्गीयांनी डोळे मिटून ज्यात पैसे ठेवले, त्या योजनेचा भाव आतील मालमत्तेच्या खऱ्या किमतीवरून नव्हे, तर ट्रस्टच्या ठरावाने जाहीर होत असे. आत काय आहे ते बाहेरच्याला कळत नसे. ईटीएफच्या पोटात काय आहे ते मात्र कोणालाही पाहता येते. नवलाची गोष्ट ही, की पाहता येत असूनही आपण पाहत नाही.

मास्तरांच्या यादीत निफ्टीचा फंड दोनदा होता, दोन वेगळ्या कंपन्यांचा. म्हणजे तेच पन्नास शेअर, त्याच प्रमाणात, दोन वेष्टनांत. तिसरा फंड सेन्सेक्सचा. त्यातील तीस कंपन्या निफ्टीच्या पन्नासांत आधीच बसलेल्या. चौथा निफ्टी १०० चा. त्यातील पहिल्या पन्नास कंपन्या निफ्टीच्याच आणि बहुतांश वजनही त्यांचेच. पाचवा बँकांचा व सहावा खासगी बँकांचा. निफ्टीत सुमारे एक तृतीयांश वजन बँका व वित्तसंस्थांचे असतेच, म्हणजे हे दोन्ही त्यातील मोठ्या नावांची पुनरुक्ती. सातवा माहिती तंत्रज्ञानाचा, तोही पुष्कळसा तसाच. उरले दोन: अमेरिकेच्या नॅस्डॅक १०० चा आणि सोन्याचा. पहिल्या सात फंडांत मिळून पावणेनऊ लाख होते. नऊ नावे, पण वस्तू तीनच. आणि त्यांतील एकीवरच जवळजवळ सगळा भार.

मास्तरांच्या चेहऱ्यावरचा भाव पाहून आम्हांस वाईट वाटले. पतपेढीत बुडालेल्या वडिलांची चूक आपण केली नाही, हे समाधान त्यांनी मोठ्या कष्टाने मिळवले होते. पतपेढी बुडावी तसा निफ्टी बुडत नाही, हे खरे. पन्नास कंपन्या एकदम दिवाळे काढीत नाहीत. पण तो पडतो मात्र एकत्रच. २००८ या एका वर्षात निफ्टी निम्म्याहून खाली आला. २०२० च्या जानेवारीत बारा हजारांपलीकडे असलेला निर्देशांक २३ मार्चला ७,६१० वर होता. अशा दिवशी मास्तरांच्या सात पिशव्या सातही एकदमच हलक्या झाल्या असत्या.

वहिनी आतून चहा घेऊन आल्या होत्या आणि दारापाशी थांबून ऐकत होत्या. त्या जोयड्याकडील एका खेड्यातल्या. "नऊ पिशव्यांत एकच भात भरला म्हणायचा," एवढेच त्या बोलल्या. आमच्या तासाभराच्या व्याख्यानाचे काम त्यांनी एका वाक्यात उरकले.

भाताचा दाखला निघाल्यावर बोलणे साहजिकच कुणब्यांच्या परसावर गेले. जोयड्याचा कंदमेळा ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे सांगावयास नको. कणगी, करांदे, सुरण, अळकुड्या, किती परी! त्या केवळ नावाने वेगळ्या नसतात. एकीला पाणी फार चालते, दुसरी त्यात कुजते. एक लवकर खणून काढावी लागते, दुसरी जमिनीतच राहू दिली तरी बिघडत नाही. भात गेला त्या वर्षी घर कंदांवर निभावत असे. ज्या पावसाने एक पीक जाते त्याने दुसरेही जाणार असेल, तर दोन पिके लावून साधले काय? फंड निवडताना नेमके हेच विचारावयाचे.

शेअरांचा भाग म्हणून एक निफ्टीचा फंड पुरे. त्याला जोड हवी असेल तर नेक्स्ट ५० चा, कारण त्यात निफ्टीतील एकही कंपनी नसते. तो हेलकावे अधिक खातो, म्हणून थोडाच घ्यावा. सोन्याचा फंड आपल्याकडे २००७ पासून आहे. मजुरी नाही, घट नाही, चोराची भीती नाही; मात्र खर्च शेअरांच्या फंडाहून पुष्कळ जास्त. घरात दागिने आहेत तर हा कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की दागिने विकावयाचे नसतात; वहिनींच्या पाटल्या हिशेबात धरणाऱ्याने त्या मागून पाहाव्यात. रोख्यांसाठी सरकारी कंपन्यांच्या कर्जरोख्यांचा भारत बाँड ईटीएफ आहे. तो २०१९ च्या डिसेंबरात प्रथम आला आणि त्याच्या मालिका २०३०, २०३१ अशा ठरावीक वर्षी मुदत पावतात. मुदतीपर्यंत थांबणाऱ्याला काय पदरात पडेल याचा अंदाज घेताच बांधता येतो. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या अशा रोखे-फंडांचा नफा उत्पन्नात धरून कर लागतो, म्हणून मुदतठेवीहून करात लाभ होईल अशी अपेक्षा मात्र धरू नये.

एकाच निर्देशांकाचे दहा फंड असतील तर कोणता घ्यावा? कमी खर्चाचा, हे उत्तर सर्वांना ठाऊक असते. आम्ही त्यात आणखी एक पाहतो: रोज त्या फंडाची किती युनिटे विकली जातात. उलाढाल थोडी असली, की घेणाऱ्याचा व विकणाऱ्याचा भाव यांत अंतर पडते आणि खर्चात वाचलेले पैसे त्या फटीत गळून जातात. निर्देशांक एवढा वाढला आणि फंड किती वाढला, ही तफावतही तीन-चार वर्षांची काढून पाहावी.

आता नॅस्डॅकच्या फंडाविषयी, कारण मास्तरांचे खरे नुकसान तेथे झाले होते. ईटीएफचा बाजारभाव आतील शेअरांच्या किमतीजवळ राहतो तो मोठ्या व्यापाऱ्यांमुळे. भाव चढला तर ते फंडाकडून नवी युनिटे घडवून बाजारात विकतात, उतरला तर उलट करतात. पण परदेशी शेअरांत पैसा नेण्यास आपल्या म्युच्युअल फंडांना एकूण सात अब्ज डॉलरची मर्यादा घालून दिली गेली. २०२२ च्या आरंभी ती भरत आली आणि फंडांना नवा पैसा तिकडे नेणे थांबवावे लागले. नवी युनिटे घडेनात, मागणी मात्र तशीच. मग भाव आतील किमतीहून वर तरंगू लागला. मास्तरांनी घेतला त्या दिवशी तो शेकडा बारा जास्त होता. एक लाखाच्या वस्तूला त्यांनी एक लाख बारा हजार मोजले होते. भर म्हणून, पावसाळ्यात मोबाईलचा संपर्क येतो-जातो, यास्तव घाईघाईने "मिळेल त्या भावाने" अशी मागणी त्यांनी नोंदवली होती. आतील किमतीचा चालू अंदाज फंडाच्या कंपनीकडून दिवसभर दिला जातो. तो पाहून, भाव आपण ठरवूनच मागणी नोंदवावी आणि बाजार उघडल्यावरची पहिली पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत.

"मग हे बारा हजार गेले?" मास्तरांनी विचारले. तसे नव्हे. भाव अजूनही तसाच वर तरंगत होता. म्हणजे आता विकले तर ते जादा पैसे दुसरा कोणी देणार होता. आम्ही विकण्याचा सल्ला दिला. दुसऱ्याच्या गळ्यात घालायचे का, असा प्रश्न त्यांना पडला. शिक्षकाला शोभणाराच प्रश्न. पण बाजारात घेणाऱ्यालाही डोळे असतात, एवढेच आम्ही म्हणू शकलो.

बाकीची आवराआवर मात्र एकदम करू नये असे ठरले. शेअरांचे फंड वर्षाच्या आत विकले तर नफ्यावर २० टक्के कर. वर्षानंतर, वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला माफी आणि वरच्यावर साडेबारा टक्के, हे दर जुलै २०२४ पासूनचे आहेत. म्हणून बँकांचे दोन, तंत्रज्ञानाचा आणि सेन्सेक्सचा असे एकेक फंड वर्ष भरेल तसे मोकळे करावयाचे. दहा लाखांपैकी पाच निफ्टीत, एक नेक्स्ट ५० मध्ये, अडीच भारत बाँडमध्ये आणि दीड सोन्यात. हे प्रमाण मास्तरांच्या घरचे आहे. त्यांना निवृत्तिवेतन आहे, घर स्वतःचे आहे. ज्या वाचकाला दोन वर्षांनी मुलीचे लग्न करावयाचे आहे, त्याने लग्नाचा पैसा यांतील शेअरांत मुळीच घालू नये.

उठताना वहिनींनी विचारले, "आणि हे सगळे ह्यांच्या मोबाईलमध्ये. उद्या मला काढायचे झाले तर?" मास्तर गप्प झाले. डीमॅट खात्यावर वारसाची नोंद नव्हती. खाते उघडताना तो प्रश्न आला होता, आणि "नंतर" म्हणून त्यांनी तो पुढे ढकलला होता. त्या संध्याकाळी आम्ही पहिली ती नोंद करविली. नंतर वहिनींनी शाळेची एक जुनी वही आणून खात्याचा क्रमांक, चार फंडांची नावे आणि पुण्याच्या मुलाचा फोन असे सारे सुवाच्य अक्षरांत लिहून घेतले, आणि वही तांदळाच्या डब्यामागे ठेवून दिली.