सहकाऱ्याचा हात रोखण्याचे कर्तव्य

जून १९९३ मध्ये नागपूर पोलिसांनी लूटमारीच्या तपासात एका इसमास ताब्यात घेतले. कबुलीसाठी त्यास निर्दयपणे मारहाण झाली आणि कोठडीतच त्याचा अंत झाला. ‘यशवंत व इतर विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. ४ सप्टेंबर २०१८ रोजी न्या. एन. व्ही. रमणा व न्या. मोहन शांतनगौडर यांच्या पीठाने दोषी पोलिसांची तीन वर्षांची शिक्षा वाढवून सात वर्षे केली. न्यायास पंचवीस वर्षे लागली. एका सहकाऱ्याने त्याच रात्री ‘आता पुरे’ म्हणून हात धरला असता, तर कदाचित खटल्याची वेळच आली नसती.

अशा प्रकरणांत लक्ष मारणाऱ्याकडे जाते. परंतु पोलीस ठाणे ही एकान्ताची जागा नव्हे. तेथे ठाणे अंमलदार असतो, पहाऱ्यावरचा शिपाई असतो, डायरी लिहिणारा हवालदार असतो. त्यांचे कर्तव्य काय?

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. कबुलीसाठी दुखापत करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० प्रमाणे गुन्हा आहे आणि तो दखलपात्र आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६८, म्हणजे पूर्वीचे कलम १४९, सांगते की दखलपात्र गुन्हा घडू न देण्यासाठी प्रत्येक पोलीस अधिकाऱ्याने आपली पूर्ण शक्ती वेचली पाहिजे. ‘प्रत्येक’ या शब्दाला अपवाद जोडलेला नाही. गुन्हा करणारा गणवेशात आहे किंवा हुद्द्याने मोठा आहे, म्हणून हे कर्तव्य संपत नाही.

आचरण मात्र कठीण आहे. वरिष्ठास अडविणाऱ्या शिपायाला बदलीची व गोपनीय अहवालाची धास्ती असते. केवळ नियम लिहून ही भीती जात नाही. अमेरिकेतील मिनिआपोलिस शहराच्या पोलीस दलाने सहकाऱ्याचा अतिरेक रोखण्याचे बंधन २०१६ मध्येच लेखी घातले होते. तरीही २५ मे २०२० रोजी एका अधिकाऱ्याने जॉर्ज फ्लॉइडची मान नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघ्याखाली दाबून ठेवली, तेव्हा सोबतच्या तिघांपैकी कोणीही त्यास दूर केले नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांपैकी दोघांना ‘रोखले नाही’ या कारणासाठीही दोषी ठरविण्यात आले.

व्यापारी घराण्यांना हे तत्त्व नवीन नाही. भागीदारी कायदा, १९३२ नुसार पेढीच्या व्यवहाराबद्दल प्रत्येक भागीदार संयुक्तपणे व स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. बँकेची तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडते, ती एकाच्या मोहास दुसऱ्याने आळा घालावा म्हणूनच. जैन शास्त्राने तर कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन भेद सांगून, स्वतः न करताही हिंसेचा दोष कसा लागतो हे दाखविले आहे.

‘कारित’ हा शब्द येथे आपल्या उंबरठ्यापर्यंत येतो. देवळा किंवा उमराण्यासारख्या बाजारपेठेत गल्ल्यातील रक्कम नाहीशी झाली की संशय प्रथम हमालावर वा नोकरावर जातो. फिर्याद देताना ‘साहेब, जरा दमात घ्या, लगेच कबूल करील’ असे सहज बोलले जाते. रक्कम घामाची असते, राग स्वाभाविक असतो. परंतु त्या एका वाक्याने मारणाऱ्या हातास बळ मिळते आणि रोखू पाहणारा शिपाई एकटा पडतो. शिवाय पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध न्यायालयात पुरावा ठरत नाही, म्हणजे मार देऊन फिर्यादीचे हित साधतच नाही.

या बाबतीत प्रतिष्ठित नागरिकास कायद्याने एक स्थान दिले आहे. डी. के. बसू खटल्यात १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की अटकेच्या पंचनाम्यावर कुटुंबीयाची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष असावी, नातलगास कळवावे आणि कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. अशी सही करण्यास बोलावणे आले, तर ‘नको ती भानगड’ म्हणून टाळू नये. अटकेची वेळ पाहून, त्या माणसाच्या अंगावरील जखमा नोंदल्या आहेत की नाहीत हे विचारून मगच सही करावी. बाहेर कोणी विचारणारे आहे हे ठाण्यास ठाऊक असले, की आत ‘आता पुरे’ म्हणू पाहणाऱ्या शिपायालाही धीर येतो.