भरलेली बाटली



परीक्षा संपल्या की आमच्या वस्तीतली पोरे मंडळाच्या खोलीसमोर घुटमळू लागतात. "काका, डोंगरावर कधी न्यायचं?" हाच एक प्रश्न. आठ-दहा वर्षांपूर्वी हाच विषय काढला तेव्हा वडीलधारी मंडळी हसली होती. एक आजोबा म्हणाले होते, "जन्मभर डोंगरच तुडवले की आम्ही. आता पैसे मोडून पुन्हा तेच करायचं?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. ज्यांनी पोटासाठी ओझी वाहिली, त्यांना बिनकामाची पायपीट ही श्रीमंतांची हौस वाटणारच. तरीही आम्ही सहली सुरू केल्या. रविवारी सकाळी निघायचे, रात्री घरी यायचे. घरचीच भाकरी, स्वतःचेच पाय, खर्च रेल्वेच्या तिकिटापुरता. बाया-माणसे, म्हातारेकोतारे, पोरेसोरे सगळे एकत्र.

आज सांगायची आहे ती आमच्या फजितीची गोष्ट. फजिती हा शब्दही हलकाच पडेल.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आम्ही ३१ जण निघालो. पहाटेच्या गाडीने लोणावळा, तिथून पुण्याच्या लोकलने पुढचेच स्टेशन मळवली. मळवलीहून भाजे गाव, तिथून चढून लोहगड, उतरताना भाजे लेणी, असा बेत होता. लोहगड सुमारे ३,४०० फूट उंचीचा. वाट सोपी, वरपर्यंत पायऱ्या. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले, त्यांतला हा एक.

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. वर्गणीचा रुपयान् रुपया वहीत मांडलेला. कोणाकडे चपात्या, कोणाकडे चटणी, कोणाकडे औषधाची पेटी, सगळे लिहिलेले. स्टेशनावर डोकी मोजली, ३१ भरली. प्रत्येकाकडे पाण्याची बाटली आहे ना, तेही पाहिले. म्हटले, आता काय काळजी!

अकराच्या सुमारास, भाजे गाव मागे टाकून खिंडीकडे चढत असताना, मागून एक मुलगी धावत आली. "काका, मावशी बसल्यात. बोलत नाहीत नीट." पोरे केव्हाच पुढे गेली होती. आम्हीही त्यांच्याबरोबर. मावशी सर्वांत मागे आणि त्यांच्यासोबत ही एकटी मुलगी. जाऊन पाहतो तर मावशींचा चेहरा पांढरा पडलेला, अंग घामाने थबथबलेले, पोटऱ्यांत गोळे आलेले. वय ५८. वीस वर्षे शाळेत झाडलोट केलेली बाई, कष्टाला कधी न हटणारी.

त्यांना सावलीत आडवे केले, पाय पिशव्यांवर उंच ठेवले, कपाळावर ओला रुमाल ठेवला. जवळच्या घरातली एक बाई हे पाहून धावत आली. तुम्ही कोण, कुठले, काही विचारले नाही. तांब्याभर पाणी, मीठ-साखर घेऊन आली आणि मावशींचे डोके स्वतःच्या मांडीवर घेऊन चमच्या-चमच्याने पाजू लागली. अर्ध्या तासाने मावशी उठून बसल्या. तेव्हा त्यांच्या पिशवीतली बाटली आम्ही पाहिली. ती काठोकाठ भरलेली होती. बूचही उघडलेले नव्हते.

"मावशी, पाणी का नाही प्यालात?"

त्यांनी मान खाली घातली. मग त्या मुलीनेच सांगितले, "काका, मागं जायचं कुठं? सगळीकडं माणसं. म्हणून आम्ही पहाटेपासून प्यायलोच नाही."

त्या 'आम्ही'ने आम्ही चपापलो. विचारले, तेव्हा कळले की १४ बायांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी तेच केले होते. घरून निघतानाच ठरवून. चार पुरुषांनी बसून बेत आखला, त्यात गाड्यांच्या वेळा होत्या, भाकऱ्या होत्या, वर्गणी होती. बाई दिवसभरात लघवीला कुठे जाणार, हा रकानाच आमच्या वहीत नव्हता.

त्या दिवशी लोहगड झाला नाही. खिंडीच्या अलीकडूनच सगळे परत फिरवले. तरुण पोरे रुसली, "आम्ही तरी जाऊन येतो" म्हणाली. आम्ही नाही म्हटले. निघालो सगळे, तर परत फिरायचे तेही सगळ्यांनी.

परतीच्या गाडीत आम्हाला दौलताबादची आठवण झाली. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला. दाराजवळच्या टाक्यावर त्यांनी हातपाय धुतले, तर पाणी बाटवले म्हणून मोठा गोंधळ झाला. अखेर पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, हत्यारबंद शिपाई सोबत देऊन त्यांना किल्ला पाहू दिला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे लिहून ठेवले आहे. त्यांचे पाणी दुसऱ्यांनी अडवले होते. मावशींचे कोणी अडवले? पाणी त्यांच्याच पिशवीत होते. अडवले ते आमच्या बेफिकिरीने. ही गोष्ट मनाला लागली, ती अजून लागून आहे.

पुढची सहल आम्ही जानेवारीत काढली आणि बेत आखायला तीन भगिनींना बसवले. त्यांनी पहिल्याच बैठकीत आमची वही बदलून टाकली. त्यातले वाचकांच्या उपयोगाचे तेवढे सांगतो.

आधीच्या रविवारी दोघांनी वाट पाहून यायचे. त्यांत एक बाई हवीच. स्वच्छतागृह कुठे आहे, ते उघडे असते का, वाटेत आडोसा कुठे आहे, हे तिने पाहायचे. सोबत दोन जुन्या साड्या आणि दोरी ठेवायची, दहा मिनिटांत आडोसा तयार होतो. थांबा ठरलेल्या जागी घ्यायचा आणि पुरुषांनी पुढे जाऊन थांबायचे. कोणाला मागायला लागता कामा नये.

पाणी थंडीत माणशी दोन लिटर, उन्हाळ्यात तीन. दर तासाला शिट्टी वाजली की सगळ्यांनी प्यायचे आणि बाटल्या एकमेकांना दाखवायच्या. सोबत एक लिटर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, असे पाणी तयार ठेवावे. माणूस बरळू लागला किंवा बेशुद्ध झाला तर तोंडात काही घालू नये, अंग गार करावे आणि लगेच १०८ ला फोन करावा. मधुमेह, रक्तदाब, दमा असलेल्यांनी आपली गोळी कोणत्या खिशात आहे ते सोबत्याला सांगून ठेवावे. यात लाजण्यासारखे काही नाही.

पायात वापरातले कॅनव्हासचे बूट असावेत. नवे चावतात, चपला घसरतात. पिशवी पाठीवरची, हात मोकळे. पाच-पाच जणांचे गट करावेत, गटाने एकमेकांना सोडायचे नाही. पुढे एक, मागे एक जाणता माणूस असावा आणि मागच्याच्या पुढे सर्वांनी असावे. किल्ल्यावर नि लेण्यांत आग्या मोहोळे असतात, तिथे धूर, फटाके, अत्तर नको. पावसाळ्यात धबधब्याच्या प्रवाहात उतरू नये. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, ते विसरू नका. आणि परत फिरण्याची वेळ सकाळीच सर्वांना सांगावी. एक वाजला की जिथे असू तिथून मागे, शिखर समोर दिसत असले तरी.

सगळ्यांत मोठा बदल चालीचा. मावशींना आम्ही सर्वांत पुढे घातले. त्यांच्या पावलाने ३४ जण चालले. पोरे कुरकुरली, पण साडेअकराला सगळेच्या सगळे लोहगडावर होते. कोणी धापा टाकत नव्हते. वर पोहोचल्यावर मावशी कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "डोक्यावर मोळी नसताना डोंगर चढायची माझी ही पहिलीच वेळ."

उतरताना भाजे लेणी पाहिली. दोन हजार वर्षांहून जुनी. चैत्याच्या छताला त्या काळच्या लाकडी कमानी अजून आहेत. बाजूला चौदा स्तूप दाटीने उभे. पोरांना आम्ही एक शिलालेख समजावून सांगितला. विण्हुदत नावाच्या एका महारठीने इथे पोढी, म्हणजे पाण्याचे टाके दान दिले, एवढाच त्यात मजकूर. मावशींनी तो दोनदा सांगायला लावला. "पाणीच दिलं होय?" म्हणाल्या आणि आपल्या बाटलीतले राहिलेले पाणी पिऊन टाकले.

असो. आपल्या विहाराची, मंडळाची, चाळीची सहल काढणाऱ्यांना आमची एकच विनंती. यादी करायला बसाल तेव्हा सर्वांत हळू चालणाऱ्याचे नाव पहिले लिहा आणि त्यांना घरी जाऊन विचारा, तुम्हाला काय अडचण पडेल? चारचौघांत विचारू नका, चारचौघांत कोणी सांगत नाही. आणि संध्याकाळी घरी परतल्यावर बाटल्या तपासा. एखादी भरलेली निघाली, तर पुढची सहल काढण्याआधी तिच्या मालकिणीशी बोला.