‘डिस्कवर आहेत ना!’

माणसाचा विश्वास कुठे बसेल, काही सांगता येत नाही. दूधवाल्यावर तो बसत नाही. दूध तापवून साय किती धरते ते पाहिल्याशिवाय आपण त्याला चांगले म्हणत नाही. भाजीवाल्याच्या काट्यावर बसत नाही. सख्ख्या भावाला हजार रुपये उसने देताना आपण चार वेळा विचार करतो. पण तेच आपण दुकानातून पत्त्यांच्या कॅटाएवढी काळी डबी आणतो, जन्मभराचे प्रवास तिच्यात कोंबतो, मोबाइलमधले मूळ फोटो पुसून टाकतो आणि सुखाने घोरतो. कुणी विचारलेच, तर उत्तर तयार असते, “डिस्कवर आहेत ना!” आम्हा मध्यमवर्गीयांचा हा नवा तारक मंत्र. माझे भांडण आहे ते या मंत्राशी.

पहिली गोष्ट ही, की या डबीला आपण कपाट समजतो. ती कपाट नाही, यंत्र आहे. साध्या हार्ड डिस्कच्या पोटात गुळगुळीत चकत्या मिनिटाला हजारो फेरे घेत असतात आणि त्यांच्यावरून एक काटा, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी उंचीवरून, तरंगत जातो. असली कसरत जिच्या पोटात चालली आहे, ती डबी आपण सोफ्यावर फेकतो, पिशवीत चपलांशेजारी ठेवतो. आयबीएमने १९५६ साली पहिली डिस्क बाजारात आणली. पन्नास चकत्या, वजन टनभर आणि मावत होते जेमतेम पाच मेगाबाइट. म्हणजे आजचा एखादा बरा फोटो. पण तिचा एक मोठा गुण होता. ती टेबलावरून पडत नसे.

“मग एसएसडी घ्या, तिच्यात काही फिरत नाही,” असे शहाणे सांगतात. जरूर घ्या. पडल्याझडल्याला ती टिकते, हे खरे. पण वर्षानुवर्षे वीज न दाखवता ड्रॉवरमध्ये ठेवली, तर तिच्यातला विद्युतभार हळूहळू झिरपतो. शिवाय ती जाते तेव्हा बहुधा न बोलता जाते. जुनी डिस्क निदान टक् टक् करून निरोप घेते.

तो निरोप आमच्या मेहुण्यांच्या डिस्कने घेतला. मेहुणे म्हणजे व्यवस्थितपणाचा पुतळा. डिस्क आणली त्या दिवशी त्यांनी ती एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केली. का, तर घरात त्यांचा विंडोजवाला संगणक आणि मुलीचा ॲपलचा, दोन्हींवरून लिहिता आले पाहिजे. फोल्डरांची नावे आधी साल, मग महिना, मग गाव अशी. वायर काढण्यापूर्वी ‘इजेक्ट’ केल्याशिवाय हात लावायचा नाही. “दाजी, आता पंचवीस वर्षं बघायला नको,” असे ते मला म्हणाले. डिस्कची मांडणी अशी बिनचूक होती. चुकीचा होता तो विश्वास.

त्या डिस्कवर ‘२०१८-१२ लोणी भापकर’ नावाचे एक फोल्डर होते. मोरगावच्या गणपतीला सगळे जातात; तिथून पुढे बारामती तालुक्यातल्या लोणी भापकरला फार थोडे. तिथे यादवकाळातले मल्लिकार्जुनाचे देऊळ आहे, पायऱ्यापायऱ्यांची देखणी पुष्करणी आहे आणि अंगभर बारीक विष्णुमूर्ती कोरलेला दगडी यज्ञवराह आहे. मेहुण्यांनी साडेसहाशे फोटो काढले. त्यांतल्या अकरांत आमच्या सासूबाई होत्या. पुष्करणीच्या पायरीवर बसलेल्या. गुडघ्यांना हात लावून त्या मला म्हणाल्या होत्या, “जावईबापू, ह्या वराहानं अख्खी पृथ्वी उचलली म्हणतात. मला तेवढं उठवायला सांगा त्याला.” आणि स्वतःच हसल्या. तेवढ्यात मेहुण्यांनी फोटो घेतला.

पुढच्या श्रावणात सासूबाई गेल्या. वर्षश्राद्धाला तो हसरा फोटो मोठा करून लावावा असे ठरले आणि डिस्क जोडली, तर टक् टक्. दुकानदार सज्जन. म्हणाला, “साहेब, गॅरंटीत आहे, नवी देतो.” आणि दिली. कोरी करकरीत. गॅरंटी डबीची असते, आतल्या माणसांची नसते, हे खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापायला काय हरकत आहे? मग डेटा काढून देणारा एक तज्ज्ञ गाठला. त्याने डिस्क उघडली, चकत्यांवर काट्याने ओरखडे काढलेले दाखवले आणि मान हलवली.

म्हणजे गंमत पाहा. ज्या दगडाने सात-आठशे वर्षांचे ऊनपाऊस सोसले, त्याचा फोटो आपण काढतो आणि ठेवतो कशात? दोन वर्षांत टक् टक् करणाऱ्या डबीत!

मात्र सासूबाई सापडल्या. सौ.च्या धाकट्या मावशींकडे. मावशी रोज पहाटे पाचला अख्ख्या खानदानाला ‘शुभ सकाळ’ पाठवतात आणि सगळे त्यांना हसतात. भाच्याने देवळातूनच व्हॉट्सॲपवर टाकलेला तो फोटो त्यांनी एका सकाळी सजवून पाठवला होता. चित्र जरा बारीक झालेले, सासूबाईंच्या कोपरावर लाल गुलाब, खाली सुविचार. पण हसू जसेच्या तसे!

यात नवल नाही. आपल्याकडे जे टिकले, ते प्रतींमुळे टिकले. ज्ञानेश्वरी गावोगावी उतरवून घेतली गेली. उतरवताना अपपाठ शिरले, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, प्रती ताडून ती शुद्ध केली. पण ताडायला प्रती होत्या, हे महत्त्वाचे. आमच्याही प्रतीत गुलाबाचा अपपाठ शिरला आहे. असू दे. निदान प्रत आहे! हॉलिवूडलाही हे चुकले नाही. १९९८ साली ‘टॉय स्टोरी २’ चित्रपटाच्या बहुतेक फायली चुकीच्या एका आज्ञेने पुसल्या गेल्या. बॅकअप होता, पण तो धड चालत नाही हे कुणी तपासलेच नव्हते. तान्ह्या बाळासाठी घरून काम करणाऱ्या एका बाईंच्या संगणकावर प्रत होती, तिच्यावर चित्रपट तरला.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच. एक प्रत म्हणजे प्रत नव्हे, नवस आहे. तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक परगावी. बहीण बारामतीला असेल तर तिच्या कपाटात. क्लाउड चालेल, पण फुकटाच्या भरवशावर नको. गूगल फोटोजचा अमर्याद फुकट साठा १ जून २०२१ पासून बंद झाला. शिवाय ‘सिंक’ म्हणजे बॅकअप नव्हे. इथे पुसले की तिथलेही पुसले जाते. दर दिवाळीला डिस्क जोडून फोटो उघडतात का ते पाहावे. आपण लोणच्याची बरणी उघडून पाहतोच की. आणि साडेसहाशेंतले अकरा निवडून चक्क कागदावर छापून घ्यावेत.

यापुढे कुणी “डिस्कवर आहेत ना!” म्हणाले, तर विचारावे, “आणि दुसरीकडे कुठे?” उत्तर आले नाही, तर त्याला दुसरी डिस्क घ्यायला लावावे. आणि पहाटे पाचला ‘शुभ सकाळ’ पाठवणाऱ्या मावशींना कुणीही म्यूट करू नये.