चालवून बघा, अर्थिंग तपासा, बिल घ्या. मगच पैसे द्या
शिरूर आणि दौंड तालुक्यांतील सर्व कुटुंबांना जाहीर आवाहन



ऊन तापायला लागलं की आपल्याकडे जुने फ्रीज, कूलर, वॉशिंग मशीन यांची खरेदी-विक्री जोर धरते. कारेगाव, रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूरच्या भाड्याच्या खोल्यांत कामगार कुटुंबं येत-जात असतात. दौंडला रेल्वेतल्या आणि राज्य राखीव पोलीस दलातल्या बदल्यांमुळे बिऱ्हाडं हलतात. सामान या घरातून त्या घरात जातं. यात कमीपणा मुळीच नाही. धडधाकट वस्तू कमी पैशांत मिळाली तर हप्त्याचा बोजा टळतो, आणि अजून दहा वर्षं चालेल असं यंत्र भंगारात जात नाही. म्हणून जुनं जरूर घ्या. पण घाईत घेतलेली जुनी वस्तू जिवावर बेतू शकते, हे आज उन्हाळ्याच्या तोंडावर कळकळीने सांगावंसं वाटतं.

सगळ्यात आधी विजेचा धक्का. तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड पिन अर्थिंगची असते. हातोहात फिरलेल्या वस्तूंना ती पिन कितीदा तरी नसतेच. कुणीतरी ती कापलेली असते, नाहीतर वायर तुटल्यावर दोन पिनांचा प्लग लावून काम भागवलेलं असतं. आतली वायर घासून उघडी पडली की वीज कूलरच्या पत्र्यात उतरते. अर्थिंग असेल तर ती जमिनीत निघून जाते. नसेल तर ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या बाईच्या किंवा लेकराच्या अंगातून ती वाट काढते. ‘जरा झिणझिण्या येतात, पण चालतोय’ असं कुणी म्हणालं तर तो कूलर त्याच क्षणी बंद करा. वस्तू घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे नवी तीन तारांची वायर आणि तीन पिनांचा प्लग. घराला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. आपले वायरमन त्याला अजूनही ईएलसीबी म्हणतात. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का ते बघा. आणि प्लग काढल्याशिवाय कूलरमध्ये पाणी ओतू नका.

जुना गीझर मात्र स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. बोअरच्या पाण्याच्या क्षाराने आतली टाकी आणि कॉइल किती खाल्ली आहे, थर्मोस्टॅट आणि दाब सोडणारा व्हॉल्व्ह चालू आहे का, हे बाहेरून कळत नाही. गॅस गीझर तर बंद न्हाणीघरात कधीच लावू नका, नवा असला तरीही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो.

आता फ्रीज. दुकानात गेल्यावर कॉम्प्रेसरला आधी हात लावून बघा. तो गरम असेल तर फ्रीज तुम्ही येण्याआधीच चालू करून ठेवलेला आहे. तो थंड असताना तुमच्यासमोर सुरू करायला सांगा आणि दोन-तीन तास थांबा. साध्या फ्रीजच्या फ्रीजरमध्ये बर्फ सगळीकडे सारखा धरतो का, थंडावा पुरेसा झाल्यावर मोटर आपोआप बंद होते का, ते पाहा. दारात दहाची नोट अडकवून दार लावा आणि नोट ओढा. ती सहज निघाली तर रबर गेलं आहे, थंडावा बाहेर जातो आहे. वॉशिंग मशीन ओल्या कपड्यांसह पूर्ण स्पिनवर चालवा. ड्रम हाताने हलवून बघा, खडखडला तर बेअरिंग संपलं.

किंमत ठरवताना विजेचं बिलही मोजा. फ्रीजवरच्या तारांकित लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात ते आणि लेबलचा काळ छापलेला असतो. निकष दर काही वर्षांनी कडक होत गेले आहेत, त्यामुळे जुने पाच तारे आज तेवढे भरत नाहीत. जुना फ्रीज दिवसाला एकच युनिट जास्त खात असेल तरी वर्षाला ३६५ युनिट होतात. युनिटला १० रुपये धरले तर तीन वर्षांत जवळपास ११ हजार रुपये. शिवाय महिन्याचा वापर १०० युनिटच्या पुढे गेला की महावितरणचा पुढचा, महाग टप्पा लागतो. एसी घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं: २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्याचा भाव करण्याआधी नव्याचा आजचा भाव विचारून या.

बिल तर हवंच. आपल्या शिरूर तालुक्यात रांजणगावला एलजी, व्हर्लपूल आणि हायर या तिन्ही कंपन्यांचे कारखाने आहेत. त्यामुळे ‘थेट कंपनीतून निघालेला माल आहे’ हे वाक्य इथे कुणालाही चटकन पटतं. पटवून घेऊ नका. कागद मागा, मागच्या पट्टीवरचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या. माल चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. शेजाऱ्याकडून किंवा बदली झालेल्या कुटुंबाकडून घेत असाल तरी साध्या कागदावर सहीची पावती करा.

‘रिफर्बिश्ड’ म्हणून जो जास्त पैसे मागतो, त्याने कोणता भाग बदलला आणि किती महिन्यांची हमी दिली, हे लिहून द्यायला हवं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा व्यावसायिकाने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करायची असते. त्याबद्दल विचारा. विचारणं हा तुमचा हक्क आहे.

दुकानदाराने फसवलं तर गप्प बसू नका. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली ती आपल्याच पुण्यात. त्या जिल्ह्यातल्या ग्राहकाने बिलाशिवाय परत फिरू नये.

मेकॅनिक बांधवांना विनंती: फ्रीजच्या पट्टीवर जो गॅस लिहिला आहे तोच भरा. आर-६००ए हा पेट घेणारा गॅस आहे. तो मोकळ्या हवेत पूर्ण काढल्याशिवाय वेल्डिंगची ज्योत जवळ नेऊ नका. भंगारवाल्यांना विनंती: भीमेच्या, घोडच्या काठी वायरी जाळून तांबं काढू नका; तो धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो. खोल्यांच्या मालकांना विनंती: भाडं घेता, तर प्रत्येक खोलीला अर्थिंग द्या.

ग्रामपंचायतींनी आणि मंडळांनी या महिन्यातच गावात अर्थिंग तपासणीचा एक दिवस ठरवावा. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि गावातली मुलंमुली हाताने काम करत तंत्र शिकू शकतात हे दाखवून दिलं. आपल्या आयटीआयच्या मुलांना एका वायरमनबरोबर दारोदार पाठवलं तर वस्त्या-वस्त्यांवरचे तुटके प्लग आणि नसलेलं अर्थिंग समोर येईल.

आज घरी गेल्यावर कूलरचा प्लग हातात घेऊन बघा. त्याला तिसरी पिन नसेल, तर ती बसवल्याशिवाय तो कूलर पुन्हा लावू नका. आणि जो विक्रेता वस्तू चालवून दाखवत नाही, बिल देत नाही, त्याच्या दुकानातून कितीही स्वस्त मिळत असलं तरी रिकाम्या हाताने परत या.