घरच्या घरी : रबरावरचा रंग वाळत का नाही?



आमच्याकडे उसाला पाणी देण्याची पाळी आठवड्याआड रात्रीची येते. धाकटा भाऊ बॅटरी घेऊन शेतात जातो. ही बॅटरी चांगली दणकट, वरून काळे रबर चढवलेली. पडली तरी फुटत नाही आणि ओल्या हातातून सटकत नाही. दोष एकच, विझलेली बॅटरी अंधारात पडली की दिसत नाही. काळी माती, काळी रात्र आणि काळी बॅटरी.

एका रात्री दारे मोडताना ती त्याच्या काखेतून सरीत पडली. चाचपडत हात घातला, तर हाताला लागलेली वस्तू वळवळली! नशीब, तो दिवड होता. घोणस असती तर आज हा मजकूर वेगळा झाला असता. सकाळी आईने ऐकले आणि मला फर्मावले, "त्या बॅटरीला लाल-पिवळं काहीतरी लाव. सापाच्या तोंडात हात घालायची वेळ पुन्हा नको."

घरात दरवाज्याचा उरलेला केशरी ऑइलपेंट होता. संध्याकाळी हौसेने दोन जाड हात फासले. सकाळी पाहतो तो ओला. आठ दिवस झाले, पंधरा झाले, तरी चिकटच. तिला भुसकट चिकटले, पाचटाचा कूस चिकटला आणि भावाच्या सदऱ्याला केशरी पट्टे पडले. आई म्हणाली, "रंग दिलास का गूळ फासलास?"

माझे काय चुकले, ते पुढे नीट समजून घेतले. वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून सांगतो.

चूक कोठे होते?

ऑइलपेंट नुसता हवेने सुकत नाही. हवेतला प्राणवायू शोषून तो आतून घट्ट होत जातो. रबराचे उलटे असते. प्राणवायूने रबर खराब होते, तडकते. म्हणून कारखान्यात रबरामध्ये प्राणवायूला अडवणारी द्रव्ये मिसळतात. ही द्रव्ये हळूहळू वर येतात आणि रंगात शिरून त्याचे वाळणे रोखतात. रबराचा राखणदार तोच रंगाचा वैरी!

दुसरे कारण तेलाचे. रबर मऊ राहावे म्हणून त्यात तेलासारखे पदार्थ घातलेले असतात. तेही पृष्ठभागावर झिरपतात आणि रंग मऊ करतात. रेक्झिनवर किंवा मऊ प्लॅस्टिकवर दिलेला रंग चिकट राहतो, तोही याच कारणाने.

तिसरी चूक आपली, एकदम जाड थर देण्याची. तापल्या दुधावर साय धरते आणि खाली दूध पातळच राहते, तसे होते. वर कातडी धरते, आतला ओलावा आतच कोंडतो.

मग करावे कसे?

रंग झटपट सुकणारा, अॅक्रिलिक जातीचा घ्यावा. तो प्राणवायूच्या भरवशावर राहत नाही, त्यातले द्रावण उडाले की सुकतो. मोटारीच्या रंगाच्या दुकानात त्याचे स्प्रेचे डबे मिळतात. तेथेच प्लॅस्टिकला चालणारा प्रायमर मागावा. डब्यावरचा मजकूर वाचून घ्यावा किंवा मुलांकडून वाचवून घ्यावा.

काम कोरड्या हवेत, सकाळी दव उडाल्यावर करावे. पावसाळ्यात मुळीच करू नये. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते.

१. सेल काढा. काच, बटण आणि झाकणाचा आटा चिकटपट्टीने झाका.

२. कोमट पाणी, साबण आणि जुना दातांचा ब्रश घेऊन रबर घासा. स्वच्छ धुऊन एक दिवस सावलीत वाळवा.

३. औषधाच्या दुकानातले स्पिरिट पांढऱ्या फडक्यावर घेऊन पुसा. फडके काळे व्हायचे थांबेपर्यंत पुसायचे. हात धुण्याचे सॅनिटायझर यासाठी नको. त्यात बहुधा ग्लिसरीन असते आणि ते मागे राहते. रॉकेल तेलकट थर ठेवते, पेट्रोलने रबर फुगते. दोन्ही वर्ज्य.

४. ३२० नंबरच्या पॉलिशपेपरने चकाकी जाईल एवढेच हलके घासा आणि परत पुसा.

५. आधी तळाशी, रुपयाएवढ्या जागेवर प्रायमर व रंग मारून एक दिवस थांबा. बोट चिकटले तर त्या रबराला हा रंग मानवत नाही असे समजून थांबावे.

६. डबा आतली गोळी खुळखुळू लागल्यावरही मिनिट-दोन मिनिटे हलवा. एक वीतभर अंतरावरून हात चालता ठेवून फवारा. पहिला थर फुटका-फुटका दिसला पाहिजे. तो झाकायचा मोह टाळा. दर थरामध्ये दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्या. असे तीन पातळ थर पुरे.

७. सावलीत, वारा लागेल असे टांगा. दुसऱ्या दिवशी हाताला कोरडे लागले तरी आठवडाभर वापरू नका.

आधीच चिकट झाले असेल तर?

त्यावर आणखी रंग देऊ नका. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, उष्णतेने तेल जास्तच पाझरते. लाकडी चिपाटीने खरवडा, टर्पेंटाइनच्या फडक्याने झटपट पुसा, लगेच साबणाने धुवा आणि पहिल्यापासून सुरू करा.

काही वस्तूंवरचे मखमली रबर रंग न देताही काही वर्षांनी चिकटू लागते. हवेतल्या दमटपणाने तो थर आतून कुजतो. तो स्पिरिटने पुसून पार काढून टाकावा. त्यावर रंग टिकत नाही.

कशाला रंग देऊ नये?

गमबूट, फवारणी पंपाची नळी, टायर यांना नको. या वस्तू वाकतात आणि रंग तडकतो. विजेच्या कामाची पक्कड व रबरी हातमोजे यांना तर कधीच नको. द्रावणाने रबर खराब होते आणि रंगाखाली भेग झाकली जाते. पंपाच्या स्टार्टरपाशी ती भेग जिवावर बेतेल.

जपून राहायच्या गोष्टी आणखी तीन. स्प्रे आणि स्पिरिट दोन्ही पेट घेतात, म्हणून काम अंगणात, चूल व विडीपासून लांब करावे आणि नाका-तोंडाला फडके बांधावे. रिकामा डबा शेकोटीत किंवा उकिरड्याच्या आगीत टाकू नये, तो फुटतो. आणि औषध फवारायच्या पंपात रंग भरू नये.

एवढी खटपट नको असेल त्यांना सोपा उपाय आहे. बॅटरीच्या दांड्याला पिवळी चिकटपट्टी गुंडाळावी, नाहीतर सायकलच्या ट्यूबची कडी करून तिच्यात पांढऱ्या कापडाची चिंधी अडकवावी. दोरी बांधून बॅटरी गळ्यात अडकवली तर ती पडतच नाही.

आमची बॅटरी दुसऱ्या खेपेला नीट वाळली. आता केशरी आहे आणि तिला आईने लावलेली दोरीही आहे. आई म्हणते, रंग तुझा, भरवसा माझ्या दोरीचा. भाऊ पाळीला निघाला की ती दोरी त्याच्या गळ्यात आहे का, हे ती आधी पाहते आणि मगच दार लावते.