पेशंटजवळ कोण आहे?

सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात रात्री एक हाक हमखास ऐकू येते : "बारा नंबरच्या पेशंटजवळ कोण आहे?" खाटेशेजारी जमिनीवर अंथरलेली चादर बाजूला सारत कुणीतरी धडपडून उठतं. त्या माणसाचं नाव कुणालाच ठाऊक नसतं. तो 'पेशंटजवळचा'. औषधांची चिठ्ठी घेऊन खाली पळायचं, रक्ताची सोय करायची, केसपेपर सांभाळायचा, डॉक्टर राउंडला येतील तेव्हा हजर राहायचं, एवढं सगळं त्याच्याकडे. त्याने स्वतः कधी खाल्लं, कुठे अंघोळ केली, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

गाडगेबाबांनी ते विचारात घेतलं होतं. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ १९५४ साली रुग्णांच्या नातेवाइकांसाठी त्यांची धर्मशाळा उभी राहिली. रुग्णाला खाट मिळते, पण गावाहून त्याच्यासोबत आलेली बायको किंवा म्हातारा बाप कुठे पडणार? पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे बाबांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या होत्याच. कीर्तनासाठी गावोगाव फिरणाऱ्या, हातात खराटा घेऊन आधी गाव झाडणाऱ्या या माणसाला परक्या गावात पाठ टेकायला जागा नसणं म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. इस्पितळाच्या दारातली गर्दीही त्यांना यात्रेइतकीच आपली वाटली असावी. दादरला त्यांच्याच नावाच्या धर्मशाळेत आजही बाहेरगावचे कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. परळचं टाटा रुग्णालय तिथून जवळ. उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि मुंबईत लॉजचं भाडं देत राहणं शेतमजुराच्या आवाक्यातलं नाही.

दुसऱ्याच्या दुःखाने डोळे भरून येणं मला खोटं वाटत नाही. पण त्याच्या दिवसात कुठे काय अडलंय, हे बारकाईने पाहणं मला त्याहून मोलाचं वाटतं. आपण भेटायला जातो, शहाळं घेऊन जातो आणि बोलू लागतो. कसं झालं, कधी कळलं, अमुक डॉक्टरला का नाही दाखवलं? वर आपल्या मावशीच्या आजाराची सगळी कथा. पेशंटजवळची बाई तीच हकिगत दिवसभर प्रत्येकाला नव्याने सांगत असते. शेवटच्या प्रश्नाने तर तिच्या मनात नसलेली रुखरुखही लागते. जो म्हणतो, "वहिनी, संध्याकाळपर्यंत मी बसतो, तुम्ही घरी जाऊन झोपून या," तो तिचा खरा पाहुणा. किंवा जो मुलांना शाळेतून आणतो, डबा पोचवतो, रिपोर्ट घ्यायच्या रांगेत उभा राहतो. यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागत नाही, वेळ लागतो. तोच द्यायला आपण कचरतो.

हे सगळं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चांगुलपणावर सोडून देणंही मला पटत नाही. नव्या रुग्णालयाची घोषणा होते तेव्हा खाटा किती, हा आकडा सगळ्यात आधी सांगितला जातो. त्या आकड्याला लागूनच सोबतच्या माणसांचाही आकडा हवा. त्यांच्यासाठी अंघोळीची जागा, बायकांसाठी आतून कडी लागणारं स्वच्छतागृह, पिशवी ठेवायला कुलपाचं कपाट आणि रात्री पाठ टेकण्यापुरती कोरडी फरशी, हे सगळं बांधकामाच्या पहिल्याच नकाशात आलं पाहिजे.