संगणकाचा ताप आणि दाण्याएवढा लेप

एप्रिल उजाडला की विदर्भ-खानदेशातल्या घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. हिवाळ्यात गुण्यागोविंदाने चालणारा संगणक दुपारी दोन-तीनच्या सुमारास रखडू लागतो, त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घोंघावतो आणि मुलीचा कॉलेजचा प्रकल्प अर्ध्यावर असताना पडदा एकाएकी काळा होतो. दहा मिनिटे थांबून सुरू केला की चालतो, आणि पुन्हा बंद पडतो. दुकानात नेला तर ‘मदरबोर्ड गेला’ हे निदान ऐकण्याची तयारी ठेवावी लागते. कधी ते खरेही असते. पण पुष्कळदा बिघाड असतो तो कागदाहून पातळ अशा एका थराचा. प्रोसेसर आणि त्याच्यावर बसवलेला धातूचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून गेलेली असते. नव्या मदरबोर्डला हजारो रुपये लागतात. पेस्टची नळी काही शे रुपयांत मिळते.

प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू, हे शाळेतली मुलेही सांगतात. हा मेंदू जेवढी वीज खातो तिची जवळजवळ सगळी उष्णताच होते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीमधल्या प्रोसेसरवर हीटसिंक नावाची वस्तूच नव्हती. १९९३ मध्ये पेंटियम आला. ६६ मेगाहर्ट्झचा पेंटियम सोळा वॅटच्या आसपास तापायचा आणि तेवढ्यावरच डोक्यावर पंख्याची गरज भासू लागली. २०२२ सालच्या कोअर आय-९ १३९००के या प्रोसेसरसाठी इंटेलने जास्तीत जास्त २५३ वॅट हा आकडा दिला. साठ वॅटचे चार बल्ब आगपेटीएवढ्या जागेत पेटवावेत, तसाच हा प्रकार! घरातले साधे संगणक एवढे तापट नसतात, पण ६५ वॅट ही त्यांच्याही बाबतीत नेहमीची गोष्ट आहे.

ही उष्णता हीटसिंकमध्ये जाते आणि तिथून पंखा ती हवेत उडवतो. अडचण येते ती दोन धातू एकमेकांना टेकतात तिथे. डोळ्यांना आरशासारखे दिसणारे पृष्ठभागही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर डोंगर-दऱ्यांनी भरलेले असतात. त्यामुळे ठोकळा कितीही दाबून बसवला तरी दोघांचा स्पर्श फक्त शिखरांवर होतो, आणि दऱ्यांत हवा अडकून राहते. पोळी तव्याला जिथे टेकत नाही तिथे कच्ची राहते, त्यातलाच हा मामला. तांब्यातून उष्णता जितकी सहज वाहते, त्याच्या पंधरा हजारांश इतकीसुद्धा ती स्थिर हवेतून वाहत नाही.

पेस्टचे काम या दऱ्या भरण्याचे. सिलिकॉन तेलासारख्या चिकट द्रवात झिंक ऑक्साइड, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा तत्सम पदार्थांची बारीक पूड कालवलेली असते, एवढीच काय ती तिची जादू. एक ढोबळ हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. दहा चौरस सेंटिमीटर जागेवर एक विसांश मिलिमीटर जाडीचा थर आहे आणि त्यातून १०० वॅट उष्णता जायची आहे, असे धरू. हा थर संपूर्ण हवेचा असता तर त्याच्या दोन बाजूंच्या तापमानात जवळजवळ दोनशे अंशांचा फरक पडला असता. मध्यम दर्जाच्या पेस्टमुळे तो अवघ्या एका अंशावर येतो. प्रत्यक्षात उष्णता मधल्या लहानशा चकतीतून येत असल्यामुळे फरक याहून काही अंशांनी जास्त भरतो, पण हिशेबाचा कल तोच राहतो.

यातच खरेदीचे उत्तरही आहे. पेस्टच्या वेष्टनावर वॅट प्रति मीटर-केल्व्हिन असा आकडा छापलेला असतो. पाचाऐवजी दहाचा आकडा पाहून दुप्पट पैसे मोजावेत, तर पदरात पडतात दोन-चार अंश. शिवाय हे आकडे प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने काढते, म्हणून एकीचा आकडा दुसरीशी ताडून पाहण्यात फारसा अर्थ नाही. घरच्या संगणकाला चांगल्या नावाची, वीज न वाहणारी, दोन ते चार ग्रॅमची नळी भरपूर झाली. ती बऱ्याच वेळा पुरते. लॅमिंग्टन रोड असो की दिल्लीचे नेहरू प्लेस, सुटी पांढरी पेस्ट डबीतून काढून देणारे दुकानदार भेटतातच. तीही अगदी टाकाऊ नसते, पण लवकर वाळते. नामांकित पेस्टच्या नकलाही बाजारात असतात, तेव्हा पावती देणाऱ्या दुकानातूनच ती घ्यावी.

हौशी तरुण मंडळी ‘लिक्विड मेटल’चे गोडवे गातात. ते गॅलियमचे मिश्रण असते. उष्णता ते खरोखरच उत्तम वाहते, पण वीजही वाहते, त्यामुळे एक थेंब इकडेतिकडे सांडला तर मदरबोर्डाचा निकाल लागू शकतो. आणि हीटसिंक अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर गॅलियम त्या धातूला पोखरून ठिसूळ करते. घरच्या संगणकात त्याला स्थान नाही. दुसरे टोक म्हणजे टूथपेस्ट! तिच्यातल्या पाण्यामुळे पहिले काही तास तापमान खरेच खाली येते आणि लावणाऱ्याला आपल्या अकलेचा अभिमान वाटतो. मग पाणी उडून जाते आणि खडू उरतो.

पेस्ट बदलायची वेळ आली, हे ओळखायचे कसे? आधी धूळ झटकावी. निम्म्या तक्रारी मऊ ब्रशने हीटसिंकच्या पात्या साफ केल्या की मिटतात, पेस्टपर्यंत जावेच लागत नाही. त्यानंतर तापमान दाखवणारा एखादा मोफत प्रोग्राम चालू ठेवून संगणकाला जड काम द्यावे. आकडा सावकाश चढत गेला तर दोष बहुधा हवा खेळण्यात, म्हणजे धुळीत किंवा पंख्यात असतो. काम सुरू होताच काही सेकंदांत ९५-१०० अंशांवर उडी गेली, तर हीटसिंकचा नीट स्पर्शच होत नाही असे समजावे. एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. खोलीचे तापमान वीस अंशांनी वाढले की प्रोसेसरचेही साधारण तेवढेच वाढते. जो आजार डिसेंबरात अंगावर काढता येतो, तो मे महिन्यात ४५ अंशांच्या नागपुरात उघडा पडतो तो यामुळेच.

पूर्वी हा आजार जिवावर बेतायचा. २००१ मध्ये एका संगणकविषयक संकेतस्थळाने चालू संगणकांचे हीटसिंक काढून पाहिले, तेव्हा एएमडीचा अ‍ॅथलॉन जळून गेला. इंटेलचा पेंटियम ४ मात्र वेग कमी करून तग धरून राहिला. आताचे सगळेच प्रोसेसर असे स्वतःला आवरतात. सोय चांगली आहे, पण तिच्यामुळे आजार झाकला जातो आणि ‘मशीन जुने झाले’ म्हणून धडधाकट संगणक भंगारात निघतो. कार्यालयांतून निघालेले जुने संगणक घेणाऱ्या कुटुंबांनी तर हे जरूर तपासावे. आठ-दहा वर्षांत त्यांचे झाकण कोणी उघडलेलेही नसते.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवातीला पंधरा मिनिटे संगणक चालवून पेस्ट कोमट होऊ द्यावी, मग तो बंद करून वायर काढावी आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवावी. एएमडीच्या एएम-४ बैठकीचे, म्हणजे २०१७ पासूनचे अनेक रायझेन संगणक असतील तर इथे विशेष जपावे. त्यांच्या प्रोसेसरला खाली सुईसारख्या पिना असतात आणि वाळलेली पेस्ट डिंकासारखी धरते. हीटसिंक सरळ वर ओढला तर प्रोसेसर पिनांसकट उपटून बाहेर येतो. आधी हलकेच डावी-उजवीकडे पिळावे आणि सुटल्याची खात्री झाली की उचलावे. जुनी पेस्ट मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून काढावी आणि शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलने मारावा. हाताला लावायचे जेल इथे चालत नाही, त्यातला चिकटपणा मागे राहतो. चाकू-सुरी तर लांबच ठेवावी.

मग मधोमध मटारच्या लहान दाण्याएवढा ठिपका द्यावा आणि बोट न लावता हीटसिंक सरळ खाली ठेवावा. दाबाने पेस्ट आपोआप पसरते. लांबट प्रोसेसरवर ठिपक्याऐवजी बारीक फुली काढली तर कोपरेही भरतात. थोडी जास्त झाली तर बाहेर ओघळते एवढेच, वीज न वाहणारी असेल तर बिघडत नाही. कमी पडली तर मात्र एखादा कोपरा उपाशी राहतो. स्क्रू एकदम एकच आवळू नये. समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावेत, नाहीतर हीटसिंक एका अंगाला कलतो. नवा हीटसिंक असेल तर तळाला पारदर्शक पट्टी नाही ना, ते आधी पाहावे. ती तशीच ठेवून बसवणारे लोक कमी नाहीत! आणि तळाला कारखान्यातच पेस्ट लावून आलेली असेल, तर वरून आणखी लावायची गरज नाही.

लॅपटॉपचे प्रकरण वेगळे. वॉरंटी चालू असेल तर तो कंपनीच्या केंद्राकडेच सोपवावा. नसेल तर उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवावी. आत काही चिपांवर रबरासारख्या मऊ पट्ट्या असतात. तिथली फट मोठी असते, म्हणून पट्टी काढून पेस्ट भरू नये. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर धातूचे झाकण नसते, त्यामुळे तापण्या-निवण्याच्या चक्रात पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. त्यासाठी जरा घट्ट पेस्ट घ्यावी, किंवा उष्णतेने मऊ होऊन बसणाऱ्या ‘फेज चेंज’ पट्ट्या मिळतात त्या वापराव्यात. हनीवेलची अशी एक पट्टी ४५ अंशांच्या आसपास वितळते आणि पेस्टसारखी लवकर हलत नाही.

काम झाल्यावर तोच प्रोग्राम, तेच जड काम लावून आकडे पुन्हा पाहावेत आणि आधीच्यांशेजारी लिहून ठेवावेत. फरक काहीच पडला नसेल तर दोष दुसरीकडे आहे, आणि तेव्हा दुकानदाराचे म्हणणे ऐकायला हरकत नाही. उरलेली नळी झाकण घट्ट लावून साध्या कपाटात ठेवावी, फ्रीजची गरज नाही. फक्त वर नाव लिहावे आणि औषधांच्या डब्यात टाकू नये, कारण दिसायला ती अगदी मलमासारखीच असते.